पाच वाजवणारे आणि दादाचं बोट

लकव्याने आडवा झालेला माझा मोठा भाऊ जाझ ऐकून बरा होतोय, असं मी गावभर सांगितलं आणि ते बघायला माणसं घरी बोलावली. चूक एवढीच. पुढे जे आहे तो तिचा तपशील आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथूनच उठावं.

मी कापसाचा ग्रेडर. नोकरी मलकापूरच्या खरेदी केंद्रावर झाली. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, चिमटीत धागा ओढायचा, कुठे तुटतो ते बघायचं आणि दर्जा सांगून मोकळं व्हायचं. शेतकरी शिव्या देत, व्यापारी चहा देत, मी दोन्ही घेत असे. निवृत्त होऊन पिंपळगाव राजाला आलो, दादाच्या शेजारच्या घरात. बायको गेल्यापासून जेवतो दादाकडेच. लोक अजून ग्रेडरसाहेब म्हणतात. ज्याने जन्मभर बोटांच्या भरवशावर भाकरी खाल्ली, त्याला सख्ख्या भावाचं एक बोट वाचता आलं नाही, हा पुढचा विषय.

आता पिंपळगाव राजात जाझ आलं कुठून, ते सांगतो. एका हंगामात मुंबईहून तपासणीला एक साहेब आला होता. जाताना सामान जास्त झालं म्हणून कॅसेटचं एक खोकं माझ्याकडे टाकून गेला. सगळ्यात वरच्या कॅसेटच्या वेष्टनावर पाच माणसं होती, सुटाबुटात, एकाच्या हातात पितळी ट्रंपेट. मी म्हटलं, हा मोठ्या शहरातला लग्नाचा बँड असणार. दादाच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. हळदीच्या दिवशी मी ती कॅसेट मांडवातल्या भोंग्यावर लावली.

आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि लाईन कमीजास्त होऊन राह्यली का म्हणून विचारू लागला. हळद घेऊन आलेल्या नवरदेवाच्या मामांना वाटलं, बँडवाले अजून सूर जुळवून राह्यले, गाणं मागून येईल. ते बिचारे बराच वेळ वाट बघत बसले. बायका हळदीचं गाणं म्हणत होत्या, त्यांनी मध्येच सोडलं. मी शरमेने भोंग्याखाली उभा, तोंडातून शब्द नाही. आमच्या घरात मला कुणी असं गप्प पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी कॅसेट बंद करायला निघालं, तर दादा खाटेवरून म्हणाला, "राहू द्या बे. बरं वाटून राह्यलं."

या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. सगळ्या जिल्ह्यात, संग्रामपूरपासून खाली जालन्याच्या शिवेपर्यंत, ते पाच जण ऐकणारी दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरा माझा भाऊ, जो चौथीनंतर शाळेत गेला नव्हता. याचा मला फार अभिमान होता.

मला त्यात काय सापडलं ते सांगायचा प्रयत्न करतो. अजून कुणाला पटलेलं नाही. पाचही जण मिळून एक चाल मांडतात, साधी, लहान. मग एकेक जण ती घेऊन आपल्या वाटेने जातो. बाकीचे त्याला मागून धरून असतात, आमच्याकडच्या भजनात टाळकरी धरून असतात तसे, पण वाट विचारत नाहीत. ट्रंपेटवाला वाद्याच्या तोंडात काहीतरी कोंबून वाजवतो. पहिल्यांदा मला वाटलं, कॅसेटला ओल लागली. तो फार थोडे सूर वाजवतो. दोन सुरांच्या मध्ये इतका थांबतो की आपल्याला वाटावं, उठून गेला. आणि मग नेमका तोच सूर येतो, जो आपल्या छातीत आधीच येऊन बसलेला असतो. सॅक्सोफोनवाला त्याच्या उलट. त्याला सगळंच सांगायचं असतं, श्वासही न घेता. हा माणूस मला लगेच समजला. ढोलवाला तारांच्या कुंच्याने वाजवतो, पहाटे कुणी अंगण झाडावं तसं. पियानोवाला दोघांच्या मध्ये बोलणं लावून देणाऱ्या सोयऱ्यासारखा. आणि पाचवा तो माणसाएवढं उभं तंतुवाद्य छातीशी धरून बोटांनी तारा ओढणारा, बास. तो दिसत नाही, नुसता चालत असतो. तो थांबला की कळतं, आपण इतका वेळ त्याच्या पायांनी चालत होतो.

एका ठिकाणी ट्रंपेटवाला चुकतो. मला संगीतातलं कळत नाही, पण चूक माझ्या ओळखीची आहे, ती मी कुठेही ओळखतो. तो लवकर शिरतो. बाकीचे चौघे क्षणभर अडखळतात, आणि मग चौघेही तिथेच जाऊन उभे राहतात जिथे तो चुकून पोचलेला असतो. चूक मोडून तिची वाट होते. ती जागा मी शेकडो वेळा ऐकली. आपणही चुकलो तर आपले चार जण असेच येऊन उभे राहतील, असं मला वाटत असे. ऐकून ऐकून माणूस बिघडतो, तो असा.

मी निवृत्त होऊन आल्यावर तर रोज संध्याकाळी दादा शेतातून येई, पाय धुई, बैठकीतल्या पलंगावर टेकून म्हणे, "लाव तुह्यं ते." आमचा एकच नियम होता, आणि तो मी केला होता: ते पाच जण वाजवत असताना कुणी बोलायचं नाही. एरवी माझं तोंड कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे; खामगावच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. पण त्या वेळात मी तोंडाला कुलूप लावत असे. दादा डोळे मिटून पडे. एक बाजू संपली आणि मी काही समजावून सांगायला तोंड उघडलं, की तो लगेच म्हणे, "दुसरी बाजू लाव." इतका रंगलेला असे.

मग टेप गेला, मोबाईल आला. पुण्याच्या पुतण्याने छोटा स्पीकर पाठवला, त्यावर सगळंच अधिक मोठं ऐकू येऊ लागलं. आणि गेल्या कापूसवेचणीच्या दिवसांत दादाला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. अकोल्याला नेलं, आणलं. खामगावचे डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते बहुतेक परत येत नाही, जे आहे ते सांभाळा. होतं काय? डोळे होते, आणि डावा हात थोडासा.

मी डॉक्टरांचं ऐकलं नाही. मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की संगीताने वाचा परत येते. रोज संध्याकाळी मी पलंगाजवळ बसून ते पाच जण लावू लागलो. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येई, म्हणून मधलं दार लावून घेई. वहिनींना दोन घटका उसंतही मिळे.

एका संध्याकाळी बासची जागा आली. बाकीचे गप्प झाले आणि तो एकटा चालू लागला. तेव्हा मला टकटक ऐकू आली. दादाच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी पट्टीवर पडत होतं. थांबून थांबून, पण पडत होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, डोळे मोठे करून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याचा हात दाबला आणि आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग जवळजवळ रोज. मी वहिनींना सांगितलं, दादा ताल धरून राह्यला. त्या म्हणाल्या, बरं झालं, पण आजकाल सांजच्याले त्याइले समजत नाई, चादर भिजते, दिवसा तर बरोबर राह्यते. मी अनुभवी माणसासारखी मान हलवली आणि म्हणालो, असंच असतं वहिनी, शरीर एकीकडून देतं आणि दुसरीकडून घेतं. या दोन गोष्टी मी एकाच श्वासात ऐकल्या आणि बोललो. चिमटीतला धागा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग मी गावात सांगत सुटलो. पारावर, दवाखान्यात, शिंप्याच्या दुकानात. भजनी मंडळातले मृदंग वाजवणारे बुवा म्हणाले, पाहू तरी एकदा. शिंपीचाचा म्हणाले, मी बी येतो ग्रेडरसाब, तुमचे ते पाच जण तरी बघू कोण हाय. आजारी माणसाला भेटायला येणं आमच्याकडे कुणी चुकवत नाही, आणि इथे तर भेटीसोबत खेळही होता. एका संध्याकाळी बैठक भरली. पंचक्रोशीतली वडीलधारी माणसं, टोपीवाली. त्यांच्यासमोर वहिनी पदर घेऊन चहा ठेवून आत गेल्या. दार मी लावलं.

त्या दिवशी मीच माझा नियम मोडला. वाजत असताना बोलत राहिलो. हा आता ट्रंपेट, हा आता कुंचा, आता बास येईल, बोटाकडे बघा. बास आला आणि बोट पडू लागलं. बुवा पुढे वाकले, मांडीवर ताल धरून पाहू लागले. म्हणाले, धरून राह्यले, पण मधातच लय वाढवते. मी म्हणालो, जाझमध्ये चालतं. मग ढोलवाल्याची पाळी आली आणि दादाचं बोट भराभर पडू लागलं. नुसतं बोट नाही, सगळा पंजा. पट्टी खणखणू लागली. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, आजारानंतरचा पहिला. लोक "आरं आरं" करत उठून उभे राहिले. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. दादाचे डोळे माझ्यावरून बंद दारावर जात होते आणि पुन्हा माझ्यावर येत होते, आणि मी स्पीकरचा आवाज आणखी वाढवत होतो.

शिंपीचाचा पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "ग्रेडरसाब, खाली पानी येऊन राह्यलं."

मी आधी वाटीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग पलंगाखाली पाहिलं. हात थांबला होता. ते पाच जण वाजवतच होते. स्पीकर कुठून बंद करायचा ते मला सापडेना. शेवटी बुवांनी तो उशीखाली दाबला. माणसं एकेक करून उठली, पायताणं हातात घेऊन अंगणात गेली, तिथे घातली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दादाने तोंड भिंतीकडे केलं होतं, जेवढं वळत होतं तेवढं.

वहिनी आल्या. पुसू लागल्या. तो हात कशाला आपटत होता म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं. वाचा गेल्यावर त्या दोघांनी ठरवलं होतं: लघवी लागली की डाव्या हाताने पट्टी वाजवायची. त्या घरात कुठेही असल्या तरी येत. दिवसा येतच होत्या. संध्याकाळी भाऊजी बसलेले असतात, लागलं तर हाक मारतील, असं त्यांना वाटत होतं. दार बंद आणि स्पीकर चालू, ऐकू कुठून येणार. बास वाजायचा तेव्हाच टकटक का होते, तेही मला तिथे उभ्या उभ्या समजलं. ती तेव्हाच होत नव्हती. तेव्हा बाकीचे चौघे गप्प असत, म्हणून मला ऐकू येत होती.

त्या दिवसापासून दादाने हात हलवलेला नाही. डॉक्टर म्हणतात, हातात ताकद आहे. वहिनी दिवसातून कितीदा तरी त्याचा पंजा उचलून पट्टीवर ठेवतात, म्हणतात, वाजवा ना, मी आली ना. तो पंजा ठेवलेला तिथेच राहतो. बोलायला त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता आणि तो मी गावासमोर वाजवून घेतला. आता त्या अंदाजाने येतात, अंदाजाने चादर बदलतात. माझी चूक जिथे पोचली तिथे येऊन उभं राहणारं कुणी नाही, आणि कुणी येऊन उपयोगही नाही.

मी अजून संध्याकाळी जातो. स्पीकर नेत नाही. नुसतं बसवत नाही, म्हणून बोलतो: कापसाला काय भाव फुटला, बसमध्ये कोण भेटलं, कुणाची बैलजोडी विकली. दादा छताकडे बघत असतो. परवा मी वहिनींना म्हणालो, एकदा ते पाच जण लावून पाहू का, हळू आवाजात, दार उघडं ठेवून. त्याला इतकं आवडायचं. वर्षानुवर्षं रोज मागून घ्यायचा. कदाचित हात उचलेल.

वहिनी बादलीत चादर पिळत होत्या. पिळणं पुरं केलं, ती खांद्यावर टाकली आणि दादासमोरच म्हणाल्या, "भाऊजी, त्याइले ते वाजवणं कधीच आवडलं नाई. ते चालू असलं का तुमचं तोंड बंद राहे, म्हणून लावाले सांगत."