आरमार पेंटरची वही

दुसऱ्या महायुद्धात श्रीरामपूरने बजावलेल्या आरमारी कामगिरीची इतिहासाने अजून दखल घेतलेली नाही. समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या प्रवासावर आहे आणि कामगिरी तीन इंची ब्रशने बजावलेली होती, ही त्यामागची कारणं असू शकतात. ती बजावणारे गृहस्थ पुढे जन्मभर आमच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवत होते. गाव त्यांना आरमार पेंटर म्हणे. आम्ही पेंटरकाका म्हणायचो.

जुन्या पाटीवर ब्रश टेकवण्याआधी पेंटरकाका खिशातून लाल कापडी बांधणीची वही काढत आणि पाटीवरचं जुनं नाव लिहून घेत. माझ्या वडिलांनी एक बंद पडलेलं किराणा दुकान घेऊन तिथे कापडाचं दुकान टाकलं. पाटी उन्हाने उडालेली होती, नाव वाचता येत नव्हतं.

"आधी जुनं नाव सांगा," पेंटरकाका म्हणाले.

"अहो, ते दुकान बुडालं म्हणून तर मी घेतलं!"

"बुडालं तरी नाव हुतं ना त्याला? सांगा."

वडिलांनी चौकशी करून सांगितलं. पेंटरकाकांनी ते लिहिलं, खाली रेघ मारली आणि मगच शिडीवर चढले. वडिलांचा मुहूर्त तोवर टळून गेला होता.

गावाचं नाव श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, हा प्रकार त्यांना कायम सलत असे. "दोनी लिवायला काय हरकत हाय? उतरनारा मानूस गडबडतो. आपन कुठं हाय, हे मानसाला कळलं पायजे." फलकाचा समारंभ असला, पुढारी पडदी ओढत असला, की पेंटरकाका गर्दीच्या मागे उभं राहून फक्त अक्षरं तपासत. भाषण त्यांनी एकदाही ऐकलं नाही. "लढाईत लई ऐकली," म्हणत.

लढाईत ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. मामाबरोबर मुंबईला गेले आणि गोदीत रंगाऱ्याच्या कामाला लागले. आरमाराला बोटी कमी पडत होत्या, म्हणून सरकारने कोळ्यांच्या मासेमारीच्या बोटी ताब्यात घेतल्या. त्यांवर एकेक मशिनगन बसवायची, वरून करडा रंग मारायचा आणि किनाऱ्यावर गस्तीला सोडायच्या. बँड वाजला, एका गोऱ्या साहेबाने त्या बोटींना साम्राज्याची ढाल म्हटलं. "रंग दिला, नंबर दिला, बंदूक दिली," पेंटरकाका सांगत, "पन मासळीचा वास काय रंगानं जातो व्हय? ढाल दिसायच्या आधी वासच गेला आसंल म्होरं."

बोटींवरची नावं पुसायचं काम पेंटरकाकांकडे होतं. बोटींचे मालक, म्हणजे त्या चालवणारे तांडेल, धक्क्यावर उभे राहून बघत होते. कुणाच्या बायकोचं नाव, कुणाच्या देवीचं. पेंटरकाकांना राहवेना. "काळजी करू नका, वहीत लिवून ठिवतो. लढाई सरली की ज्याचं त्याला परत लिवून दीन," असं ते बोलून गेले. तांडेल घरी गेले. पेंटरकाकांनी लिहिलं: डावीकडून पहिली अमुक, दुसरी तमुक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच क्रमाने डावीकडून नंबर टाकले.

मधल्या वेळात भरती येऊन गेली होती.

"आपल्याकडं गाडी सोडली तर ती जागेवर ऱ्हाती," ते म्हणत. "पान्याचं मला काय ठावं? साऱ्या आडव्यातिडव्या झाल्या. लोकांनी वडून परत लावल्या, जशा येतील तशा. आन सगळ्या एका रंगाच्या."

चूक लढाई संपल्यावर कळली. बोटी परत आल्या आणि तांडेलांनी वही न बघताच आपापल्या बोटी ओळखल्या. वहीतला एकही नंबर जुळेना. पण दोन बोटी आल्या नव्हत्या, 'हिराबाई' आणि 'गंगासागर'. सरकारी कागदात एवढंच होतं की नंबर सात बुडाली आणि नंबर एकोणीस लांबच्या बंदरात आहे, पावसाळ्यानंतर येईल. माणसं सुखरूप होती. दोन्ही तांडेल पेंटरकाकांसमोर येऊन बसले. एकच प्रश्न होता. एकोणीस कुणाची?

"उद्या सांगतो, म्हनलं," पेंटरकाका खाली बघत सांगायचे. "आन गावच्या गाडीत बसलो."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी शाळेत शिक्षक होतो आणि पेपर तपासायला मुंबईला निघालो होतो. त्यांनी कोळीवाड्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ठळक, पाटीसारखं. "मास्तर, तेवढं इचारा. शिव्या दिल्या तर खाऊन या."

कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी भेटली. 'हिराबाई'च्या तांडेलाची ती सून. मी दोन्ही बोटींची नावं आणि पेंटरची गोष्ट सांगताच हसली. "पेंटर? तो पलाला न!" मग सांगू लागली. दोघे तांडेल पावसाळाभर रोज धक्क्यावर जाऊन बसत. एकाची बोट येणार होती, एकाची गेली होती, आणि कुणाची ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्याआधी त्यांच्यात बोलणंही नव्हतं. पावसाळा संपला, बोट आली. लांबूनच दोघांना कळलं. 'गंगासागर' होती. 'हिराबाई'चा तांडेल उठून चालू लागला, तर दुसऱ्याने हाक मारली, "कुठं चाललास? जालं कोन वढनार?" पुढे दोघांनी ती जन्मभर निम्मी-निम्मी चालवली.

"आणि नाव कुठलं घातलं?" मी विचारलं.

"नाव कोन लिवनार? पेंटर पलाला. एकोनीसच र्‍हायली." तिने घरातली फळी दाखवली. बोट मोडली तेव्हा काढून ठेवलेली. तिच्यावर आता डबे होते.

परत येऊन मी सगळं सांगितलं.  पेंटरकाकांनी वही काढली, दोन्ही नावांसमोरचा जुना आकडा खोडला आणि दोघांसमोर १९ लिहिलं.

"फळीवरचा नंबर दिसतो का अजून?"

"स्वच्छ दिसतो."

"दिसंल," ते म्हणाले. "रंगाचे दोन हात दिलेते."

त्यानंतर ते आठेक वर्षं होते. गेले तेव्हा त्यांच्या मुलीने वही मला आणून दिली, बाबांनी सांगून ठेवलंय म्हणाली. अलीकडे आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. नव्या पाट्या छापून आल्या आणि जुन्यांवर चिकटवल्या. मी वही काढली, जुनं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली.

वहीत अजून अकरा पानं कोरी आहेत.