स्टेपनीचं मूळ

फजिती सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा, उगाच सांडाल.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. त्यामुळे एक खोड जडलीय. इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याचं मूळ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगतो.

तर धसईला बहिणीकडे भाचीची हळद. आमच्याकडे धवलारणीनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही. तिला डोळखांबच्या पाड्यावरून आणायचं काम कोणाचं? मामाचं! बहीण म्हणाली, "दादा, ऊन उतरायच्या आत ये. नवरी पाटावर नि गाणारी नाय, अशी शोभा नको."

धवलारीण हौसाबाय माझ्या जीपमध्ये पान चघळत बसली. अर्ध्या वाटेत चढणीवर चाक बसलं. मोबाइलला रेंज नाही.

"आता काय रे भाऊ?"

"काय नाय, स्टेपनी आहे ना."

दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं चाक बदलता. मी उतरलो आणि सुरू झालो. "हौसाबाय, स्टेपनी हे मुळात रस्त्याचं नाव. तिकडं वेल्समध्ये. आधी मोटारींना जादा चाकच नसायचं. त्या रस्त्यावर ते बनलं नि रस्त्याचं नाव चाकाला लागलं."

"बरं. लाव मग."

"थांबा तर. लंडनात याच नावाची वस्तीपण आहे. आपल्याकडं तर टीममधल्या जादा गड्यालाही स्टेपनीच म्हणतात. गंमत म्हणजे खुद्द इंग्रज हा शब्द विसरले."

"तू नको इसरू. ऊन उतरलं."

मी ऐटीत मागचं दार उघडलं. आत स्टेपनी नव्हतीच. सकाळी मुरबाडहून जेवणाचे मोठे टोप आणताना जागा होईना, म्हणून मीच ती बहिणीच्या गोठ्यात ठेवली होती. पाटावर ताटकळलेली भाची दिसायला लागली.

हौसाबायनं आत डोकावलं. "येवढं ध्यानात रायलं नि चाक रायलं गोठ्यात?"

देवासारखा धसईचा एक दूधवाला मोटरसायकलवरून आला. जागा एकाचीच. हौसाबाय लुगडं आवरून मागं बसली आणि गेलीसुद्धा.

मी चालत सुटलो. जीव थाऱ्यावर नाही. सख्खा मामा नाही म्हणून हळद अडली असेल का? बहीण रडत असेल? माणसं शोधायला निघाली असतील?

पोचलो तर हळद लागून जेवणं चाललेली. बहीण भात वाढता वाढता म्हणाली, "दादा, जेवलास ना?"

"अगो, मी आत्ता येतोय. चालत! हौसाबायनं सांगितलं नाय?"

"ती आल्या आल्या गायलाच बसली. पण तू आत्ता येतोस, तर मांडवामागं मघापासून कोणाला तरी काहीबाही समजावून सांगत बसलाय तो कोण? आमाला वाटलं तूच, म्हणून कोणी तिकडं फिरकलंच नाय."