राणीसाहेबांचा सूर्योदय

ऑक्टोबरातल्या त्या पहाटेचा, समुद्रावरून येणाऱ्या शेवाळाचा उग्र, खारट वास अजून माझ्या शालीला आहे. लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात, दवानं भिजलेल्या बाकावर, मी आणि माझी लेक इरा समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. माझ्या पन्नाशीची भेट म्हणून तिनं मला इथे मुक्कामाला आणलं होतं. कारण याच किनाऱ्यावर माझ्या राणीसाहेबांनी सागराच्या उदरातून वर येणारा केशरी सूर्य पाहिला होता.

राणीसाहेब देशावरच्या एका छोट्या संस्थानाच्या. पडद्यात वाढलेल्या, लपूनछपून अक्षरं गिरवलेल्या, आणि पुढे आपल्या विलायतेच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलेल्या. लग्नानंतर मी मँचेस्टरला निघाले तेव्हा आत्यानं ते माझ्या पिशवीत ठेवलं. पहिल्या हिवाळ्यात नवरा ऑफिसला गेला, की दुपारीच दाटून येणाऱ्या अंधारात मी ते उघडून बसायची. किटलीला दोन्ही हात लावून बसलेली, आपली भाषा कळणारं माणूस दिवसभरात भेटलं नाही म्हणून आरशाशी बोलणारी पुस्तकातली ती बाई माझी इथली पहिली मैत्रीण. माझ्याआधी इथे कोणीतरी मराठीत रडून गेलं आहे, एवढ्या आधारावर मी तो हिवाळा काढला.

या किनाऱ्यावर आम्ही यायचो ते दिवसाउजेडी, आणि बहुधा ढगांखालीच. त्या पहाटे मात्र आभाळ निरभ्र होतं. समोरचं पाणी राखाडीच राहिलं, आणि माझ्या मानेला ऊब लागली.

“आई, मागे बघ ना. सनराइज तिकडे होतोय, कार पार्कच्या वर,” इरा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली आणि फोनवरचा नकाशा तिनं माझ्यापुढे धरला. “ऑब्व्हियसली! हा वेस्ट कोस्ट आहे. तुझी राणी इथे कधी आला होता का, रिअली?”

नकाशा मी काय कमी वेळा पाहिला होता? पण जिवाभावाच्या माणसाला कोणी दिशा विचारतं का!

न राहवून मी बाकावरूनच आत्याला पुण्याला फोन लावला आणि राणीसाहेबांच्या सूर्योदयाचं विचारलं.

“अगं, त्या कुठे गेल्या होत्या?” आत्या सहज म्हणाली. “राजेसाहेब गेले होते, दिवाणापासून आचाऱ्यापर्यंत आपली माणसं घेऊन. यांना वाड्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. समुद्रसुद्धा पाहिला नव्हता म्हणतात. ते परतल्यावर त्यांना विचारून विचारून लिहिलंय सगळं.”

“आणि हे तुला माहीत होतं?”

“तुला आधार होता ना त्याचा. मग कशाला सांगायचं?”

तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याचा राग आलाच, पण त्याहून अधिक त्या बाईचा. माझी बोटं खरोखर बधिर झाली होती, माझ्या खिडकीवरचं धुकं खरं होतं. आणि ही मागेपुढे दासी घेऊन, शेगडीशेजारी बसून गारठ्याची वर्णनं लिहीत होती. इतकी वर्षं ज्या खांद्यावर मी डोकं टेकलं, तो खांदा तिथे नव्हताच. फसवलं मला दोघींनी, आणि तेही किती मायेनं. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

इरानं चहाचा कागदी पेला माझ्या हातात दिला. मी त्याला दोन्ही हात लावले आणि मला ती किटली आठवली. धुकं, ट्रेन, समुद्र हे सारं राजेसाहेबांनी सांगितलं असेल. सूर्य त्यांनी सांगितलाच नसेल, तो तिनं आपल्या मनानं उगववला असेल. पण आपली भाषा कळणारं माणूस दिवसभरात भेटलं नाही, हे तिला कोणी सांगितलं? राजेसाहेबांच्या भोवती तर सगळी आपलीच माणसं होती.

आणि तिच्या वाड्यात, राजेसाहेबांपासून पाणक्यापर्यंत, सगळेच मराठी बोलत होते; तरी ती आरशाशीच बोलत होती.