पुढच्या मजल्याची सावली

"तसंच राहू द्या ना, काका."

हे वाक्य तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते मी मोजलं नाही. बाकी सगळं मोजणाऱ्या माणसाकडून हेच राहून गेलं.

जिन्याच्या चौथ्या पायरीचा टवका उडाला होता. मी सिमेंट कालवून आणलं, तर ही त्याच पायरीवर बसलेली. "तसंच राहू द्या ना, काका. नकाशासारखा दिसतो." गच्चीवरच्या नळाखाली गंजाचा डाग पडला होता, तो मी घासायला घेतला, तेव्हाही तेच. मग ती एक डोळा मिटायची, मान डाव्या खांद्यावर टाकायची आणि त्या डागाकडे बघत बसायची. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचो. मला डागच दिसायचा.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या पिंप्राळ्यात मात्र ती पहिलीच. गच्चीवर आमची एक खोली आहे, तिथे ती तीन वर्षं राहिली. जळगावातच चित्रकलेचं शिक्षण घेत होती. वडिलांचं पारोळ्याच्या बाजारात शिवणकामाचं दुकान. खोली बघायला तेही आले होते. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, पोरगी गुनी शे. पन ती काय करस ते माले कळत नही. तुमले कळनं तर माले बी सांगज्यात."

मला काय कळणार? मी पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवतो. सकाळी आठला पाण्यातली पट्टी किती दाखवते, एवढंच माझं ज्ञान.

पहिल्या वर्षी तिने न्हाणीत बादलीभर पाण्यात केळीच्या खोडाच्या साली भिजत घातल्या. नऊ दिवस. सहाव्या दिवशी माझी बायको नाकाला पदर लावून वर गेली.

"अगं बाई, हे काय कुजत घातलंयस?"

"कागद करतेय, काकू."

"कागद दुकानात मिळतो की."

"दुकानातल्या कागदाला वास नसतो ना."

"याला आहे हो. पार कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत आहे!"

त्या कागदाचं एक पान आमच्या दिवाणखान्यात अजून आहे. खरखरीत, तपकिरी, आता वास न येणारं.

मग तिने गल्लीतल्या तीस जणांना एकेक मिनिट काही न बोलता, काही न करता कॅमेऱ्यासमोर उभं केलं. इस्त्रीवाला, दळणवाली, रिक्षावाला आणि मी. झाल्यावर म्हणाली, "काका, तुम्ही एकेचाळिसाव्या सेकंदाला घड्याळ पाहिलंत."

"मग? चुकलं का?"

"नाही हो. तेवढंच तर खरं तुम्ही आहात."

दुसऱ्या वर्षी संक्रांतीला तिने भिंतीचं काम सुरू केलं.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर, खांबाच्या डोक्यातून चार सळया वर निघालेल्या आहेत. पुढचा मजला चढवायचा म्हणून घर बांधतानाच सोडलेल्या. एकोणीस वर्षं झाली, मजला काही चढला नाही. सकाळचं ऊन आलं की त्या सळयांची सावली समोर जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर पडते. मी ती कधी पाहिली नव्हती. तिने पाहिली.

"काका, तुमच्या पुढच्या मजल्याची सावली पडते. मजला नाही, पण सावली आहे."

रोज सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी सर्वांत उंच सळईच्या सावलीवर रेघ ओढायची आणि त्या भिंतीचं थोडं चित्रण करायचं, असं वर्षभर. रेघ वडिलांच्या दुकानातल्या सपाट निळ्या खडूने, आणि मग ती पुसली जाऊ नये म्हणून त्यावर बारीक ब्रशने निळा तेलरंग. पुढच्या संक्रांतीला वर्षाच्या सगळ्या रेघा एकाच भिंतीवर एकदम दिसणार, तिथे तिची फिल्म संपणार. हेच तिचं शेवटच्या वर्षाचं काम. यावर तिचा निकाल आणि निकालावर पुढचं शिक्षण.

तिचं पहिल्यांदा काहीतरी मला कळलं. ही नोंदवहीच होती की!

मी विचारलं, "ढग आले तर?"

"तर अंदाजाने ओढेन. आदल्या दिवशीच्या शेजारी."

"मुळीच नाही," मी म्हणालो. ऑफिसात नव्या पोरांना बोलतो त्याच आवाजात. "अंदाजाने भरलेली नोंद खोटी असते. दिवस चुकला तर चुकला. जागा मोकळी सोडायची. मोकळी जागा खरं बोलते."

तिने एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य कुणी लिहून घेण्याची ती पहिली वेळ.

ती गावी गेली की रेघ मी ओढायचो, चित्रण बायको करायची. त्या भिंतीवर अकरा रेघा माझ्या हातच्या होत्या. फेब्रुवारीत रेघा दाट होत्या, उन्हाळ्यात दक्षिणेकडे सरकल्या, जूनच्या शेवटी सावली वळून परत निघाली. मी चहाचा कप घेऊन वर जायचो आणि आदल्या दिवशीपासून किती सरकली ते फूटपट्टीने बघायचो. पारोळ्याला फोन करून तिच्या वडिलांना सांगितलंसुद्धा, "मला कळलं बरं का, ती काय करते ते."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. त्याआधी घर रंगवायचं, ही खानदेशात घरोघरची रीत. कानबाई येणार तर भिंत मळकी ठेवत नाहीत. आमचं घर दरवर्षी एकच रंगारी रंगवतो. म्हातारा आहे, आम्ही त्याला आबा म्हणतो. त्या वर्षी भाऊबंद, पाहुणे मिळून चाळीस माणसं येणार होती आणि पंगत गच्चीवर बसायची होती. आदल्या आठवड्यात मेहुणे येऊन गच्ची बघून गेले. निळ्या रेघांसमोर उभं राहून हसले. "भाऊजी, देवीची पंगत इथे? भिंतीवर पोरांनी रेघोट्या मारल्यासारखं दिसतं. का वय झालं तशी हौस आली?"

मी हसण्यावारी नेलं. पण ते माझ्या मनात राहिलं.

रंगकामाच्या दिवशी ती पारोळ्याला होती, त्यांच्या घरच्या तयारीला. सकाळी आठ वीसला मीच वर गेलो. ढग होते. तिच्या वहीत मी लिहिलं, 'ढग'. तो एकशे सत्त्याण्णवावा दिवस. एकशे अठ्ठावन्न रेघा, एकोणचाळीस ढग.

दुपारी बारापर्यंत सगळं रंगवून झालं. बादलीत थोडा पांढरा रंग उरला होता. आबाने विचारलं, "भाऊ, हाई भिंत?"

बायको खालून ओरडली, "ती सोडा हं! ती पोरीची आहे."

मी भिंतीकडे बघितलं. मनात म्हणालो, चित्रण तर आहेच. नोंद वहीत गेली की पट्टी धुतली तरी चालते. आणि चाळीस माणसं. आणि मेहुणे.

"मारून टाका," मी म्हणालो.

आबाने विचारलं, "बठ्ठी?"

"सगळी."

वीस मिनिटं लागली. मी तिथेच उभा होतो. पहिल्या हातानंतर रेघा आतून निळसर दिसत होत्या. दुसरा हात मारायलाही मीच सांगितलं.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं आणि दुपारी ती आली. सरळ वर गेली. मी मागोमाग गेलो. ती भिंतीसमोर उभी होती. आधी एक डोळा मिटलेला. मग तिने दोन्ही उघडले.

मी म्हणालो, "आबाने चुकून मारला गं. म्हातारा माणूस. मी ऑफिसात होतो."

एका दमात दोन खोट्या नोंदी. मी त्या दिवशी रजेवर होतो.

मीच बोलत राहिलो. "वरचा रंग खरवडून बघू का? खाली रेघा असतील. पॉलिश पेपर आणतो."

"नको, काका. तसंच राहू द्या."

खाली आल्यावर बायकोने तिच्या हातावर प्रसादाच्या रोटाचा तुकडा ठेवला. कानबाईचा रोट आम्ही भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाही. ती खाली मान घालून खात होती. बायको माझ्याकडे बघत होती. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली, "तुम्ही सांगणार, की मी सांगू?" मी म्हणालो, मीच सांगतो. त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, "सांगितलं का?" पुढे विचारायची थांबली. ते जास्त लागलं.

मुलीने रेघ ओढणं बंद केलं. चित्रण मात्र रोज आठ वीसला करत राहिली, पुढच्या संक्रांतीपर्यंत. माझा चहा वर जायचा बंद झाला. आबा गल्लीत दिसला की ती पूर्वीसारखीच त्याच्याशी बोलायची. मला वाटायचं, काय मनाची पोर आहे, ज्याने नुकसान केलं त्याच्यावर राग नाही.

परीक्षकांनी शेरा दिला: कल्पना चांगली, काम अपूर्ण. मला तो तिने स्वतः दाखवला.

पुढे धुळ्याला विद्यार्थ्यांच्या कामांचं प्रदर्शन भरलं. तिने आग्रहाने बोलावलं. मी एस.टी.ने गेलो. एरंडोल येईपर्यंत काय बोलायचं ते जुळवलं. पारोळा येईपर्यंत ते तीनदा म्हणून पाहिलं. धुळ्याला उतरलो तेव्हा ते पाठ होतं.

अंधाऱ्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. एक दिवस म्हणजे एक सेकंद. भिंतीवर रेघा उगवत गेल्या, मध्ये मध्ये करडे ढग. माझ्या हातच्या अकरा मी ओळखल्या, मी जरा जाड ओढतो. एकशे सत्त्याण्णव सेकंद. आणि एकदम पांढरं. माझ्या शेजारच्या बाईने "अरे!" केलं. त्यानंतर एकशे अडुसष्ट सेकंद त्या पांढऱ्यावरून नुसती सावली सरकत होती, कुठलीही खूण न ठेवता.

दिवे लागले. मागून कुणीतरी विचारलं, "भिंत कोणी पुसली?"

ती पुढे उभी होती. माझ्यापासून फार तर बारा फुटांवर.

"ती जागा मी मोकळी ठेवली आहे," ती म्हणाली. "माहीत नाही म्हणून नाही. ती नोंद माझी नाही, म्हणून."

ती थांबली होती. मला वाटलं, पुढच्या प्रश्नाची वाट बघतेय. माझे गुडघे उठायला तयार होते असं मी स्वतःला आजही सांगतो. मी घड्याळाकडे बघितलं.

बाहेर तिने विचारलं, "कसं वाटलं, काका?"

"वेळ बरोबर जमली," मी म्हणालो. "सहा मिनिटं पाच सेकंद."

ती हसली. डोळे नाही हसले.

मे महिन्यात तिने खोली सोडली. दुसऱ्या राज्यातल्या एका महाविद्यालयात जायचं होतं, तिथे जागा मिळाली नाही. आता ती एका जाहिरातवाल्याकडे काम करते, असं तिचे वडील फोनवर म्हणाले. "भाऊ, तुमले तर कळी ऱ्हायनं व्हतं. मंग आसं काबरं व्हयनं?" मी म्हणालो, रेंज नाही नीट, नंतर बोलतो.

यंदा कानबाईच्या आधी आबा रंगवायला आला. गच्चीवर जाऊन त्याने स्वतःच विचारलं, "भाऊ, हाई भिंत मारानी का सोडानी? मांगल्या खेपले ताईनी माले इचारं व्हतं."

"काय विचारलं?"

"कोनी मारं म्हने. मी खोटं काबरं बोलू? सांगी दिन्हं, भाऊनी सांगं म्हनीसन मारं."

"कधी विचारलं?"

"तवयच. कानबाई उठनी, त्याना दुसरा दिन."

म्हणजे मंगळवार. म्हणजे त्यानंतरचे सगळे दिवस, शेरा दाखवला तो दिवस, धुळ्याचा हॉल, 'कसं वाटलं, काका', हे सगळं तिला माहीत असताना. आबावर राग नव्हता, कारण आबाने काही केलेलंच नव्हतं. ती थांबली होती ती माझ्यासाठी. जागा मोकळी सोडायची हे मीच तिला शिकवलं होतं.

मी भिंत सोडायला सांगितली. तिच्या खोलीच्या खिडकीच्या कट्ट्यावर निळ्या खडूचा अर्धा तुकडा राहिला होता. दुसऱ्या दिवशी आठ वीसला वर गेलो आणि त्या भिंतीवर, छातीच्या उंचीला लिहिलं: 'ही भिंत मी पुसायला लावली. आबाने नाही. मी घरी होतो.' खाली सही केली, जशी नोंदवहीत करतो. फोटो काढून तिला पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तीन दिवस नाही.

मेहुणे कानबाईला आले, पंगतीला बसण्याआधी त्यांनी ते मोठ्याने वाचलं. हसले नाहीत.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला. एकच ओळ. "तसंच राहू द्या, काका."

खडू पावसाने धुतला जाऊ नये म्हणून मी बारीक ब्रश आणला आणि त्या अक्षरांवरून निळा तेलरंग फिरवला. या दिवसांत ऊन असलं की सकाळी आठ वीसला सळईची सावली माझ्या सहीवरून जाते. तिथे मी रेघ ओढत नाही.