रेफरीचा नंबर

चष्मेवाल्याची आणि रेफरीची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या मध्ये ऐंशी मीटर गवत, बावीस खेळाडू आणि एक तारेचं कुंपण होतं. हंगामाचा पहिला सामना, पंधरावं मिनिट. चष्मेवाल्याच्या संघातल्या दहा नंबरने मारलेला चेंडू गोलरेषेच्या चांगला हातभर आत पडून बाहेर उसळला आणि रेफरीने हात हलवून खेळ चालू ठेवला. चष्मेवाला बाकावर चढला आणि ओरडला, "ओ साहेब, दुकानात या. नंबर फुकट काढून देतो."

ही आरोळी केवढी होती याबद्दल मतभेद आहेत. खुद्द चष्मेवाल्याच्या मते बेताची होती. मैदानामागच्या बस डेपोत मात्र एका ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईची चादर तीन मजले खाली गेली, आणि समोरच्या संघाच्या गोलकीपरने आपल्यालाच आमंत्रण आहे असं समजून मान डोलावली. चष्मेवाल्याचा मेहुणा शेजारीच बसला होता. त्याचा डावा कान मंगळवारी परत आला. रेफरीने वळून पाहिलं, डोळे बारीक केले, आणि दोन रांगा खाली शांतपणे संत्रं सोलत बसलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना बोट दाखवून कडक ताकीद दिली.

यापेक्षा मोठा पुरावा चष्मेवाल्याला नको होता. घरी जाऊन त्याने रेफरींच्या मंडळाला पत्र लिहिलं: या गृहस्थांचे डोळे तपासून घ्यावेत. उत्तर आलं नाही म्हणून आणखी दोन लिहिली.

चष्मेवाल्याचं दुकान कोपऱ्यावर, दोन पायऱ्या चढून. पुढे काचेची कपाटं आणि फ्रेम घालून ठेवलेलं एक प्लास्टरचं मुंडकं. मागे तपासणीची खोली. ती इतकी आखूड की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलटा टांगून समोरच्या आरशात वाचायला लावायचा, म्हणजे तीन मीटरचे सहा होतात. आपल्या संघाकडेही तो असाच पाहायचा: असेल त्याच्या दुप्पट. एकतीस वर्षं संघ खालच्या गटात होता आणि एकतीस वर्षं चष्मेवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला, हनुवटी टेकवून बसल्यामुळे ज्याला पळताही येत नसे त्याला, ठासून सांगायचा की यंदा आपण वरच्या गटात जातोय.

"आपण म्हणजे कोण?" काउंटरवर चष्म्यांचे स्क्रू घट्ट करता करता बायको विचारायची. "मी तर इथेच बसलेली असते."

तिचा भाऊ, म्हणजे तो डाव्या कानाचा मेहुणा, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यामुळे वर जाण्याच्या विषयावर आपला शब्द अखेरचा, असं त्याचं म्हणणं. तो भाऊजींना सांगायचा की वरचं बटण दाबून एकतीस वर्षं झाली, आता एकदा खाली उतरून दार तरी नीट लागलंय का बघा.

पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा संघ खरोखरच जिंकत होता. डिसेंबरात चौथा, फेब्रुवारीत तिसरा, मार्चमध्ये दुसरा. वर जातात पहिले दोन. एकतीस वर्षांच्या थापा खऱ्या होण्याच्या बेतात आल्यामुळे चष्मेवाल्याला जमिनीवर पाय ठेवणं जड जाऊ लागलं आणि दुकानात गोंधळ सुरू झाला. कारण त्या दुकानात नंबर हा शब्द तीन कामं करायचा: डोळ्यांचा नंबर, खेळाडूचा नंबर आणि संघाचा नंबर. एकदा बायकोने बाहेरून विचारलं, "त्या आजींचा नंबर काय आला हो?" चष्मेवाला कानाला रेडिओ लावून बसला होता. "दोन," तो म्हणाला, "आणि अजून एक सामना हातात आहे." बायकोने दोन लिहिलं. आठवड्याने आजी चष्मा परत घेऊन आल्या. नवऱ्याकडे बघवत नाही, म्हणाल्या, इतका मोठा दिसतो.

या यशाचं श्रेय दहा नंबरचं. हंगामात चौदा गोल. डावा पाय बरा, उजवा बेताचा, पण त्याचे हात चपळ होते. चेंडू छातीवर घेताना तो कोपराला कसा लागतो, कोपरावरून पायाशी कसा येतो, हे स्टँडमधल्या सगळ्यांना दिसायचं. फक्त रेफरीला दिसायचं नाही. आणि चष्मेवाल्यालाही नाही, कारण नेमका त्याच वेळी तो थर्मासचं झाकण लावत असायचा. ते झाकण त्या वर्षात जेवढं घट्ट लागलं तेवढं कधी लागलं नव्हतं. झाकण लावून झालं की मान वर करून तो विचारायचा, "गोल झाला का?" आणि नाचायला लागायचा. पुढच्याच मिनिटाला समोरच्या संघाचा ऑफसाइड सुटला की पुन्हा बाकावर चढून रेफरीला दुकानाचा पत्ता सांगायचा.

शेवटच्या सामन्याला अकरा दिवस उरले असताना, दुपारच्या शांत वेळी, एक उंच, किडकिडीत माणूस दुकानाच्या दुसऱ्या पायरीला ठेचकाळून आत आला. त्याने प्लास्टरच्या मुंडक्याकडे बघून आदबीने मान लववली. बायकोने आयुष्यात मैदान पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिने त्याला इतर कुणालाही बसवावं तसं बसवलं. कशासाठी आलात, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नंबर काढायचाय. इथे फुकट काढतात असं मी ऐकलंय. म्हणजे, सगळ्या मैदानानेच ऐकलंय."

चष्मेवाला कापड हातात घेऊन आतून आला तो दारातच थबकला.

रेफरीला राग नव्हता. मंडळाकडून पत्र आलंय, त्याने सांगितलं, कुणा सज्जनाच्या सारख्या तक्रारी येतात म्हणून. शेवटचा सामना त्याच्याकडेच होता. तोवर चष्मा झाला तर बरं होईल, म्हणाला.

तपासणी अर्धा तास चालली. तक्त्याच्या पाचव्या ओळीतलं एकही अक्षर रेफरीने बरोबर वाचलं नाही, पण प्रत्येक अक्षर इतक्या ठामपणे वाचलं की चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, आपलाच तक्ता चुकला असेल. एक भिंग काढून दुसरं लावत त्याने विचारलं, हे स्पष्ट की आधीचं स्पष्ट. आता हे स्पष्ट दिसतंय, रेफरी म्हणाला, पण आधी एकदा ते दिलंय ना, मग तेच राहू द्या.

शेवटी नंबर निघाला. उजव्याला दीड, डाव्याला पावणेदोन. चष्मेवाल्याने तो कार्डावर लिहिला आणि पेन तसंच धरून बसला. थर्मासच्या झाकणापलीकडे वर्षभर जे जे घडलं होतं ते सगळं त्याला एकामागून एक दिसायला लागलं. जानेवारीतला तो कोपर. फेब्रुवारीतला तो पंजा. या दीड आणि पावणेदोनने समोरच्यांना दिलं असेल थोडंफार, पण आपल्याला किमान आठ गुण मिळवून दिले होते. आणि त्या डोळ्यांवर उपचार व्हावेत म्हणून तीन पत्रं टाकणारा सज्जन तोच होता.

संध्याकाळी मेहुण्याला हे कळलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. मग त्याचं डोकं चालायला लागलं. पाऊण द्या, तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांना पाऊण, त्याला काय कळतंय. नाहीतर भिंग घासायचं मशीन बिघडलं म्हणून सांगा. खरोखर बिघडवायचं असेल तर मी येतो, हातात हत्यारं आहेतच. नाहीतर चष्मा द्या, पण सामन्यानंतर. फक्त अकरा दिवस, भाऊजी, तो माणूस चाळीस वर्षं असाच जगलाय.

चष्मेवाल्याने कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. एकतीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती एका सामन्यावर आली होती, आणि तो सामना एका कार्डावर. बायकोने भिंगांची ऑर्डर लिहायची वही उघडली. ती नवऱ्याला काही शिकवायला गेली नाही. तिने फक्त विचारलं, "काय लिहू?"

"दीड आणि पावणेदोन," चष्मेवाला म्हणाला.

"भाऊजी, एकदा विचार करा."

"केला. अरे, उद्या वरच्या गटात गेलो तर तिथल्या रेफरींना चांगलं दिसत असेल. तेव्हा काय करशील, त्यांचे चष्मे चोरत फिरशील? आपला संघ चांगला आहे. बघणाऱ्यासमोर जिंकेल."

त्याला हे मनापासून वाटत होतं, हीच त्याची गंमत होती. त्याने न फुटणारी भिंगं मागवली, पळताना पडू नये म्हणून फ्रेमला मागून रबरी पट्टा लावून दिला, आणि सामन्याच्या तीन दिवस आधी चष्मा रेफरीच्या घरी स्वतः नेऊन पोचवला. कानामागे टोचतोय का तेही दोनदा पाहिलं.

शेवटच्या सामन्याचं गणित सोपं होतं. आपण जिंकलो की वर. बरोबरी झाली तर दुसऱ्या मैदानाकडे बघायचं: तिसऱ्या नंबरचा संघ तिथे जिंकला नाही, तर आपण वर. मैदान भरलं होतं. रेफरी पट्टा लावून धावत आला तेव्हा टाळ्या पडल्या, थोड्या टिंगलीच्या. मेहुणा डावा कान सांभाळून चष्मेवाल्याच्या डाव्या बाजूला बसला होता, म्हणजे दुसरा कान धोक्यात घालून.

सत्तराव्या मिनिटाला एक-एक. शहाऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून उंच चेंडू आला, दहा नंबर उसळला आणि चेंडू जाळ्यात गेला. स्टँड उभा राहिला. चष्मेवाल्याच्या पायाशी थर्मास होता. पण ज्या डोळ्यांचा नंबर आपण स्वतः काढला ते काय बघतात याची त्याला इतकी उत्सुकता होती, की या वेळी वाकायचं राहून गेलं.

रेफरी तीस मीटरवर होता. त्याने चष्मा नाकावर नीट बसवला, शिट्टी वाजवली आणि स्वतःच्या मनगटावर दोन बोटं आपटली. गोल नाही.

आधी आरडाओरडा झाला, मग एकेक मान वळली. थोड्याच वेळात सगळा स्टँड मैदान सोडून एकाच माणसाकडे बघत होता. मागून कुणीतरी विचारलं, "चष्मेवाले, तुमचंच काम ना हे?"

"हात होता," चष्मेवाला म्हणाला. आवाज त्याचाच, त्यामुळे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "मला इथूनसुद्धा दिसला."

"हळू बोला ना, भाऊजी," मेहुणा बाकाखाली सरकत म्हणाला.

सामना एक-एक असाच सुटला. दुसऱ्या मैदानावरचा सामना जाळी फाटल्यामुळे दहा मिनिटं उशिरा सुरू झाला होता, म्हणून कुणी जागचं हललं नाही. तिकडे शून्य-शून्य होतं. चष्मेवाला अजिबात घाबरला नव्हता. त्याने आजूबाजूच्यांना, ते त्याच्याशी बोलत नसतानाही, समजावून सांगितलं की त्या संघाला गेल्या तीन सामन्यांत मिळून एकही गोल मारता आलेला नाही, दहा मिनिटांत कुठून मारणार. जाता जाता रेफरी कुंपणाशी आला आणि म्हणाला की पुढच्या आठवड्यात दोन्ही लाइनमनना पाठवतो.

आता हंगाम संपून दोन महिने झालेत. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवली की चष्मेवाला पहिल्या सामन्यापासून सुरू करतो. एकतीस वर्षांत असा संघ झाला नाही, तो सांगतो. सगळ्यात जास्त गोल, सगळ्यात कमी पराभव, आणि पुढच्या वर्षी तर विचारूच नका. ऐकणाऱ्याला आरशात अक्षरं वाचायची असतात, त्यामुळे पुढे काय झालं हे बहुतेक जण विचारत नाहीत.

तिकडचा सामना एक-शून्य सुटला. आपण तिसरे आलो.