पीतांबराच्या रंगाचा डाग

आमच्या वाचनमंडळात बायका आठ आणि पुस्तक एक. पाच जणी रोह्याच्या, तिघी पेणच्या. पुस्तकाची ने-आण करायचे आमचे हे. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात रंगकाम करायला ते रोज सकाळच्या गाडीने जात. मंडळाचा नियम असा, की एखादी ओळ मनाला लागली तर समासात पेन्सिलीने लिहायचं, पण नाव घालायचं नाही. सभेत ते मोठ्याने वाचलं जाई. मग कोणी लिहिलं यावर जी जुंपे, तिच्यापुढे कादंबरी फिकी पडे.

त्या महिन्यात कादंबरी आली ती एका घरात अबोला धरून राहणाऱ्या नवराबायकोची. मला ती वाचायची काय गरज? त्या भूमिकेत मला दीड महिना झाला होता. यांनी मला न विचारता पेणला खोली ठरवली होती आणि रोह्याजवळच्या वरसे गावातलं घर सोडायला मी साफ नकार दिला होता. तेव्हापासून मी भाताच्या पातेल्याला सांगायचे, "पानं वाढलीत." हे छत्रीला सांगायचे, "आज उशीर होईल." तरी डब्याशेजारी ठेवलेलं पुस्तक मुकाट्याने पेणला पोचायचं.

सभेत आम्ही कादंबरीतल्या नवऱ्याला तासभर धुतला. मी पदर खोचून त्याचं जेवणं करून दाखवलं. नक्कल कोणाची होती हे मी सांगितलं नाही. सगळ्या हसून लोळल्या.

मग पेणच्या खाडीकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या आजींनी पुस्तक उघडलं. "नवरा घर विकून येतो त्या पानावर लिवलंय, 'आधी तिला विचारायला हवं होतं. चुकलं.' कुणी गो लिवलं?"

"मी नाय."

"मी पण नाय."

"आणि हा पिवळा डाग कसला? हळदीच्या हातानं कोण वाचतं?"

मी डाग पाहिला. हळद नव्हती ती. गणपतीच्या पीतांबराचा रंग होता. वीस वर्षं मी तो सदऱ्यांच्या बाह्यांवरून घासत आले होते.

"मीच," मी म्हटलं. "वाटण करत वाचत होते."

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "व्हय? अक्षर बरंच सुधारलं तुझं." आणि पुस्तक मिटून म्हणाल्या, "चहा आटपा गो लवकर. हिला घरी जायचंय."

एकीनेही पुढे काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एरवी चहात साखर कमी का, यावर अर्धा तास चौकशी करणाऱ्या बायका या. त्या गप्प बसण्याचे उपकार मी अजून मानते.

घरी हे ओटीवर हात धूत होते. मी पातेल्याकडे गेलेच नाही.

"कादंबरी कशी वाटली?"

हे बराच वेळ हातच धूत राहिले. "दोनदा वाचली," म्हणाले. मग टॉवेल शोधत, माझ्याकडे न बघता, "त्या खोलीला नको म्हणून सांगू का?"

"विचारताय?"

"विचारतोय."

"मग सांगा," मी म्हटलं, आणि टॉवेल हातात दिला. त्याच्यावरही पिवळं उमटलं.