अनुमान लिहायचं नाही

शैला गेल्याचं कार्ड साताऱ्याला आमच्या घरी दुपारच्या टपालाने आलं. त्याचा वरचा कोपरा फाटलेला होता. पोस्टात फाटला असेल, असं समजून मी ते तसंच आईच्या हातात दिलं... आई न वाचताच खाली बसली. कोपरा फाडलेलं कार्ड काय सांगत येतं, ते तिने मला नंतर समजावलं. त्याला आता दीड महिना झाला.

सांगलीला एम.ए.च्या मानसशास्त्राच्या वर्गात शैला आणि मी एका बाकावर बसायचो आणि वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती वडूजची, मोकळी, भेटेल त्याची चौकशी करणारी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. चार वाक्यं बोलायची तरी आधी मनात जुळवून घ्यायची. दुसऱ्या वर्षी आम्हा दोघींना मिळून निरीक्षणाचा प्रकल्प दिला गेला. एका बालवाडीत समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसायचं, दर अर्ध्या मिनिटाला ठरलेल्या मुलीकडे एकदा बघायचं आणि तक्त्यात एक अक्षर भरायचं. खेळत असेल तर ‘खे’, एकटी असेल तर ‘ए’, रडत असेल तर ‘र’. शेवटी दोघींचे तक्ते ताडून पाहायचे. मुलांशी बोलायचं नाही, हसायचंही नाही. “तुम्ही तिथे भिंत आहात असं समजा,” सर म्हणाले होते. मला ते पहिल्याच दिवशी जमलं.

शैलाला जमेना. तिसऱ्या दिवशी ती मुलगी घसरगुंडीवरून पडली. मी घड्याळ पाहून ‘र’ लिहिला. शैला तक्ता टाकून धावली आणि तिला मांडीवर घेऊन गुडघ्यावर फुंकर घालत बसली. त्या दिवसाच्या दोघींच्याही नोंदी बाद झाल्या. परतताना मी दोन पावलं पुढे चालत होते.

“चिडलीस व्हय?” तिने विचारलं. “आगं, पोरगी रडत हुती.”

“मला दिसत होतं.”

“तुला लय दिसतं. माणूस हायस का कॅमेरा?” म्हणाली आणि इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

त्यानंतर सरांनी प्रत्येकाला एक सरावाची वही करायला सांगितली. ओळखीची एक व्यक्ती निवडायची, तिला कळू न देता सहा आठवडे रोज पाहायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. अनुमान लिहायचं नाही. ‘दुःखी होती’ असं नाही, ‘मान खाली होती’ असं. मी शैलाला निवडलं. नव्या माणसाशी ओळख करून घ्यायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

वही अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या आठवड्यात लिहिलंय, डब्यातली अर्धी भाकरी परत. तिसऱ्यात, जिना चढताना दोनदा थांबली. चौथ्यात, सकाळी पापण्या सुजलेल्या; चपलेचा पट्टा एक भोक सैल केला. पाचव्यात, दुपारी वर्ग सोडून झोपली, तीन दिवस. एकदा ती जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगणार होती, किंवा मी विचारीन म्हणून थांबली होती... मी मनात सेकंद मोजत होते. लाजाळू आहे म्हणून विचारलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे विचारलं असतं तर वही बिघडली असती.

सरांनी शेवटच्या पानावर लिहिलं, ‘अनुमान कुठेही नाही. उत्तम.’ वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. शैलाने मला सगळ्यांना चहा पाजायला लावला आणि स्वतःचा कप अर्धा ठेवला. तेही मला दिसलं.

परीक्षेआधी ती घरी गेली ती परत आलीच नाही. तिला साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार महिने आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर ती बारा दिवस होती. मला कुणी कळवलं नाही, आणि मीही वडूजला एक पत्र टाकलं नव्हतं.

कार्ड आल्यावर मी वडूजला गेले. शैलाच्या आईने मला जवळ बसवलं. पाणी दिलं. बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, “तू तिच्या खोलीत ऱ्हात हुतीस न्हवं, बाळ? तुला काय दिसलं न्हाई का गं?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, “नाही, काकू.” त्यांनी मान हलवली. “लपवायची ती. तिचा सोभावच तसा,” म्हणाल्या आणि मला जेवायला वाढायला उठल्या. मी जेवले.

हे मी वर्तमानपत्राच्या ज्या रविवार पुरवणीसाठी लिहितेय, ती शैलाच्या घरी येते. तिचे वडील रविवारी ती मोठ्याने वाचतात आणि काकू निवडणं-टिपणं करत ऐकतात, असं तीच सांगायची. आज ते वाचतील का, माहीत नाही. वाचलं तर... काकू, मला दिसलं होतं. पहिल्या अर्ध्या भाकरीपासून सगळं दिसलं होतं.